पहिलवान गाडीचे पाय : जुन्या अमेरिकन मोटारीचे सस्पेन्शन सुधारताना

आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे कितीतरी फिटर, वेल्डर आणि कमानवाले आखाती देशांतल्या गॅरेजांत राबत आहेत. सुट्टीवर घरी आलेल्या या कारागिरांशी बोलताना एक विषय हमखास निघतो. तिकडच्या शौकीन लोकांना साठ आणि सत्तरच्या दशकांतील अमेरिकन मोटारींचे वेड आहे. शारजाला तर अशा जुन्या गाड्यांचे खास वस्तुसंग्रहालयच आहे. गिऱ्हाईक गाडी घेऊन येते आणि सांगते, "उस्ताद, गाडी वळणावर झोपते. खालचे सगळे काढा आणि कडक माल टाका. पैशाची काळजी करू नका." पैशाची काळजी करू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचीच काळजी जास्त करावी लागते, हा आपल्या धंद्यातला जुना अनुभव आहे.

माझा एक मावसभाऊ असल्याच एका गॅरेजात बरीच वर्षे आहे. १९६६ सालची एक मस्टँग त्यांच्याकडे आली. मालकाच्या हुकुमाप्रमाणे पुढच्या स्प्रिंगा कडक व आखूड टाकल्या, मागे कमानीत जादा पाटा घातला. गाडी दिसायला झकास झाली, पण रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारू लागली आणि वळणावर पुढची चाके पहिल्यापेक्षा जास्त घसरू लागली. मालक तीन आठवड्यांत परत आला. सगळे पुन्हा उघडले तेव्हा दिसले की खालच्या आर्मचे रबरी बुश भुगा झालेले आहेत आणि चाकांचे अलाइनमेंट कोणी तपासलेलेच नाही. दुसऱ्या वेळचा मेहनताना अर्थातच गॅरेजला मिळाला नाही. गिऱ्हाइकाचे म्हणणे एकच होते, "मला गाड्यांतले कळत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो." याला उत्तर नव्हते.

म्हणून हा लेख. गाडी अमेरिकेची असली तरी स्प्रिंग, कमान आणि बुश यांचा हिशेब सगळीकडे एकच आहे.

ताकद मोठी, पाय साधे

ज्यांना मसल कार म्हणतात त्या मोटारी म्हणजे साध्या, मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत बसवलेले अवाढव्य आठ सिलिंडरचे इंजिन. १९६४ साली पाँटियाकने आपल्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन घालून जीटीओ काढली, तेव्हापासून हा प्रकार गाजला. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग बाजारात आणली. जाणकार मस्टँगला वेगळ्या, धाकट्या जातीत धरतात. पण मोठ्या इंजिनाची मस्टँग आणि मसल कार यांचे दुखणे एकच आहे. पुढे प्रदूषणाचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हा जमाना आटोपला.

दुखणे हे की पैसा गेला इंजिनात. खालचे सामान राहिले घरगुती गाडीचेच. मस्टँगचे पुढचे-मागचे सस्पेन्शन फोर्डच्याच फाल्कन या स्वस्त गाडीवरून उचललेले होते. पुढे प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म. कॉइल स्प्रिंग बसते ती वरच्या आर्मवर, पत्र्याच्या एका उंच मनोऱ्यात, आणि शॉकअपही त्याच मनोऱ्यात. खालच्या आर्मला पुढून एक तिरपी दांडी बांधून ठेवते. मागे अखंड अॅक्सल आणि दोन्ही बाजूंना चार पाट्यांची कमान, अगदी आपल्या अॅम्बॅसेडर-जीपसारखीच. आपला कमानवाला या गाडीखाली पहिल्यांदा शिरला तरी परका वाटणार नाही.

अमेरिकेत लांबच लांब सरळ रस्ते, आणि गिऱ्हाइकाला हवी गादीसारखी सवारी. त्यामुळे स्प्रिंगा मऊ, स्टिअरिंग मंद. टायर त्या काळचे, तिरप्या दोऱ्यांचे. अलाइनमेंटचे कारखान्याचे आकडेही त्याच टायरांसाठी ठरवलेले. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आधी झीज काढा

पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत सुधारणा नंतर, आधी दुरुस्ती. गाडी घोडीवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून हलवा. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवा खेळ असेल तर टाय रॉडची टोके आणि आयडलर आर्म. खालच्या आर्मचा आतला बुश आणि तिरप्या दांडीचे रबर डोळ्यांनी नीट पाहा. दांडीचे रबर गेलेले असले की ब्रेक मारताच चाक मागे ओढले जाते आणि गाडी एका बाजूला खेचते. मालक समजतो ब्रेक खराब.

मागे कमानीचे शॅकल, डोळ्यातले बुश, यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट तपासा. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर अॅक्सल सरकलेला असतो. दोन्ही बाजूंनी पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर टेपने मोजले की लगेच कळते.

मस्टँगमध्ये आणखी एक जागा आहे. वरच्या आर्मवर ज्या बैठकीत स्प्रिंग टेकते, ती बैठक रबरी बुशवर डुलते. हे रबर सुकले की कुरकुर आवाज येतो आणि सस्पेन्शन मोकळेपणाने हलत नाही. आता बेअरिंगवर डुलणारी बैठक तयार मिळते. मालाच्या किमतीच्या मानाने हिचा गुण मोठा आहे. बुश बदलताना पॉलियुरेथेनचे कडक बुश घालण्याची फॅशन आहे. दांडा, शॅकल अशा ठिकाणी ते ठीक. पण तिरप्या दांडीला एकाहून अधिक दिशांनी हलायचे असते. तिथे फार कडक बुश घातला तर दांडी वाकण्याच्या ताणाने तुटू शकते. तिथे एक तर चांगले रबर, नाहीतर गोल सांध्याची नवी दांडी.

मनोऱ्याचा पत्राही तपासा. गंज आणि तडे. १९६९ मध्ये बॉस ३०२ ही मस्टँग तयार करताना रुंद टायरांच्या पकडीने हे मनोरे चिरू लागले आणि फोर्डला ते मजबूत करावे लागले होते. जुन्या पत्र्यावर कडक स्प्रिंग म्हणजे कुजक्या वाशावर नवी कौले.

एका इंचाची करामत

आता या लेखाचा गाभा. मस्टँगला शर्यतीत उतरवण्याचे काम फोर्डने कॅरल शेल्बी यांना दिले. शेल्बी हे १९५९ साली ल माँची शर्यत जिंकलेले चालक. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या नियमाप्रमाणे किमान शंभर गाड्या तयार करायच्या होत्या. त्यांच्या लॉस एंजेलिसच्या कारखान्यात तयार झालेली जीटी ३५० ही गाडी जानेवारी १९६५ मध्ये जाहीर झाली आणि तिने १९६५, १९६६ व १९६७ अशी तीन वर्षे आपल्या वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमधली सर्वांत मोठी सुधारणा कोणती? नवी स्प्रिंग नव्हे. वरच्या आर्मची दोन भोके! फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी काढलेल्या मांडणीनुसार वरच्या आर्मचा आतला टेकू मनोऱ्यावर एक इंच खाली आणला. एका बाजूला दोन, दोन्ही बाजू मिळून चार नवी भोके. बस्स.

याने होते काय? गाडी वळते तेव्हा अंग बाहेरच्या बाजूला झुकते आणि बाहेरच्या चाकालाही सोबत ओढून कलवते. चाकाचा माथा बाहेर जातो, टायर फक्त बाहेरच्या कडेवर उभा राहतो. माणूस बुटाच्या कडेवर चालावा तसे. आर्मचे आतले टोक खाली आणले की चाक वर दाबले जाताना आर्मचे बाहेरचे टोक वर्तुळात फिरत आत येते आणि चाकाचा माथा आत ओढते. अंग झुकले तरी टायरचा तळवा रस्त्यावर सपाट राहतो. अंगाचे झुकणेही थोडे कमी होते, आणि गाडीचे नाक सुमारे अर्धा इंच खाली बसते. आराम कमी होत नाही, कारण स्प्रिंगला हातच लावलेला नाही.

हे काम करताना पोलादी फर्मा वापरा, अंदाजाने भोक पाडू नका. दोन्ही बाजूंत एका सुताचा जरी फरक पडला तरी गाडी दोन पायांनी दोन चाली चालते. एक इंचापेक्षा जास्त खाली न्यायचे असेल तर बॉल जॉइंट अडकतो; त्यासाठी पाचर किंवा दुसरा आर्म लागतो. आपण एका इंचावर थांबावे, हे माझे मत.

आणि एक मजेची गोष्ट. १९६६ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर शेल्बीच्या कारखान्याने खर्च वाचवण्यासाठी हीच सुधारणा गाळली. त्याच वर्षी हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने सुमारे हजार जीटी ३५० घेतल्या. भाड्याच्या गाडीवाल्याला वळणाचे काय! धंद्यात सर्वांत गुणी काम कधी कधी पहिले गाळले जाते, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत, म्हणजे शेवेल, जीटीओ यांच्यातही चाकाचे हेच दुखणे आहे. तिथे भोके पाडत नाहीत. उंच बॉल जॉइंट किंवा उंच स्पिंडल टाकून तोच परिणाम साधतात. क्रायस्लरच्या चार्जर, रोड रनर या गाड्यांत पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, लांब पिळाचा दांडा आहे. एक बोल्ट फिरवला की उंची कमी-जास्त होते. तिथे उंची बदलली की अलाइनमेंट बदलते, हे विसरू नये.

आकडे जुने, टायर नवे

आज या सगळ्या गाड्या रेडियल टायरवर धावतात. पण कित्येक अलाइनमेंटवाले जुने पुस्तक उघडून जुनेच आकडे लावतात. जुन्या टायरसाठी चाकाचा माथा किंचित बाहेर ठेवत आणि कॅस्टर, म्हणजे चाकाच्या खुंटीचा मागचा कल, जेमतेम एखादा अंश देत. सायकलचा फोर्क तिरका असतो म्हणून हँडल आपोआप सरळ होते. कॅस्टरचे काम तेच. रेडियल टायरला माथा अर्धा अंश आत, कॅस्टर दोन ते तीन अंश आणि पुढची टोके एक सूत आत, हे रस्त्यावरच्या गाडीसाठी सर्वसाधारण चालणारे आकडे आहेत. कॅस्टर वाढवले की हाताचे स्टिअरिंग जड होते, एवढे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

१९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये हे दोन्ही कल वरच्या आर्मच्या मागे पातळ पत्र्या घालून साधायचे असतात. १९६७ पासून माथ्याचा कल खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टवरच्या चकतीने आणि कॅस्टर तिरप्या दांडीच्या नटांनी. गाडीचे साल न पाहता पाना लावणारे खूप वेळ घालवतात.

नुसते एवढे केले, म्हणजे झीज काढली, एक इंच आर्म उतरवला आणि आकडे नवे लावले, तर दहातील सात मालक इथेच खूश होतात. मग चांगले शॉकअप. शेल्बीने कोनीचे घातले होते. शॉकअप गाडी उचलून धरत नाही, स्प्रिंगचे उसळणे आवरतो. स्प्रिंग मऊ आणि शॉकअप चांगला, ही जोडी रस्त्यावर फार सुखाची.

त्यानंतर पुढचा आडवा दांडा, जो अंग झुकण्याला आवरतो. समजा जुना दांडा साडेपाच सुती आहे आणि आपण शेल्बीसारखा आठ सुती, म्हणजे पूर्ण एक इंचाचा घातला. पिळाला विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. हिशेब केला तर नवा दांडा जवळजवळ साडेचार पट कडक निघतो! पण सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो, सवारी कडक होत नाही. म्हणूनच स्प्रिंगच्या आधी दांडा.

स्प्रिंग आणि कमान

एवढे करूनही गाडी मऊ वाटत असेल तरच स्प्रिंगकडे वळावे. इथेही तोच चौथा घात आहे. पाच सुती तारेच्या जागी साडेपाच सुती तार घेतली, वेढे आणि घेर तेवढेच ठेवले, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. अर्ध्या सुतात एवढा फरक, हे हातात धरून कळत नाही. त्यामुळे "थोडी जाड आहे, चालेल" हा हिशेब सोडून द्यावा.

स्प्रिंग कापण्याबद्दल. आठ वेढ्यांतला एक कापला तर गाडी खाली बसते आणि स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडकही होते, कारण उरलेल्या सात वेढ्यांवर सगळे काम येते. कापायची तर कापण्याच्या चाकाने, तार गरम न होऊ देता. गॅस कटरने कापणे किंवा ज्योतीने तापवून गाडी बसवणे हा गुन्हा समजावा. पोलादाचे पाणी उतरते आणि ती स्प्रिंग हळूहळू बसत जाते किंवा एखाद्या खड्ड्यात तुटते. तेव्हा गाडीत कोणाची मुलेबाळे बसलेली असतील, ते आपल्याला माहीत नसते.

कमानीचा हिशेब जाडीच्या तिसऱ्या घाताचा. दोन सुती पाट्याऐवजी अडीच सुती पाटा म्हणजे तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक. चार सारख्या पाट्यांत पाचवा पूर्ण लांबीचा पाटा घातला तर कमान साधारण एक चतुर्थांशाने वाढते. आखूड पाटा घातला तर त्याहून कमी. भंगारातल्या ट्रकच्या कमानीतला पाटा कापून घालणारे कारागीर मी पाहिले आहेत. पोलाद चांगले असते, वाद नाही. पण जाडी जास्त, वाक वेगळा, आणि तो एकटा पाटा सगळा भार स्वतःवर घेतो. शेजारचे पाटे नुसते पाहत बसतात.

मोठ्या इंजिनाची मागच्या कमानीबाबत खरी तक्रार वेगळीच आहे. अॅक्सिलरेटर दाबला की अॅक्सल उलटा फिरू पाहतो, कमान इंग्रजी एस अक्षरासारखी पिळते, सुटते, पुन्हा पिळते आणि चाके थाडथाड उड्या मारतात. १९६७ च्या कॅमॅरोत शेवरलेटने मागे एकाच पाट्याची कमान दिली होती. तिथे हे इतके झाले की १९६८ मध्ये ताकदवान इंजिनांना अनेक पाट्यांची कमान दिली आणि एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे, दुसरा मागे असे लावले. क्रायस्लरने कमानीचा पुढचा अर्धा भाग आखूड ठेवला. आखूड भाग लवकर वाकत नाही. शेल्बीने अॅक्सलवरून जाणाऱ्या दोन दांड्या लावल्या. म्हणजे उपाय पाटे वाढवणे हा नाही, पिळणे थांबवणे हा आहे. आपल्या कमानवाल्यांनी पुढच्या अर्ध्या भागात क्लिपा घट्ट आणि मागच्या भागात मोकळ्या ठेवल्या तरी बराच फरक पडतो. आणि पाट्यांमधला गंज घासून काढणे विसरू नये, नाहीतर नवी कमानही ओंडक्यासारखी चालते.

काम करताना एकच ताकीद. मस्टँगची पुढची स्प्रिंग शेकडो किलोंच्या दाबाखाली मनोऱ्यात बसलेली असते. ती आतून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय काढू नका. तार किंवा साखळी बांधून काढणारा उस्ताद कितीही जुना असो, त्याच्यासमोर उभे राहू नका.

व्यवहाराची बाजू

बिल तीन टप्प्यांचे करा : झीज व अलाइनमेंट, मग शॉकअप आणि दांडा, मग स्प्रिंग व कमान. प्रत्येक टप्प्यानंतर मालकाला गाडी चालवायला द्या. पहिल्या टप्प्यात गॅरेजला नफा कमी दिसतो, पण गिऱ्हाईक दुसऱ्या टप्प्याला स्वतःहून येते. कामाआधीची व नंतरची उंची आणि अलाइनमेंटचे आकडे कागदावर लिहून एक प्रत त्याला द्या. काढलेला मूळ माल पेटीत भरून परत करा. जुन्या स्प्रिंगवर, कमानीवर कारखान्याची खूण असेल तर संग्राहकाला ती हवी असते. गाडी अस्सल, मूळ स्थितीतली व दुर्मिळ असेल तर भोक पाडण्याआधी मालकाची लेखी संमती घ्यावी.

भारतात असे काम आले तर कायदाही पाहावा. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. बुश, शॉकअप, अलाइनमेंट ही देखभाल झाली. पण मनोरा कापणे, चेसिसला नवे सस्पेन्शन वेल्ड करणे अशा कामाला हात घालण्यापूर्वी मालकाला परिवहन कार्यालयातून विचारून यायला सांगा. आखातातही गाडीची तपासणी असतेच. तिथले नियम जागेवर विचारून घ्यावेत.

गाडी दिल्यावर पाचशे मैलांनी परत बोलवा. नवे बुश आणि स्प्रिंगा बसतात, यू बोल्ट सैल होतात. यू बोल्ट पुन्हा आवळा, उंची मोजा, अलाइनमेंट पुन्हा पाहा. याचे वेगळे पैसे मागू नका, पहिल्या बिलातच धरून ठेवा.